संगणकशास्त्राबाहेरच्या संशोधकांना एचपीसी कसं शिकवावं? (रत्नागिरीतल्या कार्यशाळेसाठी सूचना हव्यात)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर रत्नागिरीत संशोधकांसाठी एचपीसीची (हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग, म्हणजे अनेक संगणक एकत्र जुंपून मोठी गणितं करणं) कार्यशाळा घ्यायचं ठरतंय. मत्स्यशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, सिव्हिल, पुरातत्त्व असे सगळे येणार आहेत, संगणकशास्त्राचं कोणीच नाही. अभ्यासक्रम कागदावर उतरायच्या आत इथे विचारते आहे, कारण हे शिकवणारे, क्लस्टर (जोडलेल्या संगणकांचा संच) चालवणारे आणि त्यावर काम करणारे असे तिन्ही प्रकारचे लोक या मंचावर आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा वर्गाला पहिल्या दिवशी समांतर प्रोग्रॅमिंग शिकवू नये, मोजायला शिकवावं. आपलं काम किती वेळ घेतं, किती रॅम घेतं, किती डेटा वाचतं-लिहितं आणि त्यातला बहुतेक वेळ नेमका कुठे जातो, एवढं ज्याला आकड्यांत सांगता येतं त्याला पुढचं शिकवणं सोपं असतं. ज्याला ते सांगता येत नाही त्याला शंभर कोअर (प्रोसेसरमधली गणित करणारी एककं) दिले तरी त्यातले नव्व्याण्णव नुसते बसून राहतात.

उदाहरणच घेऊ. आपल्या खाड्यांमधली खारफुटी सेंटिनेल-२ च्या चित्रांवरून मोजणारे विद्यार्थी आता बरेच आहेत. डेटा फुकट मिळतो, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेचं चित्र देतात. आणि तक्रार ठरलेली: लॅपटॉप अडकतो, सुपरकॉम्प्युटर मिळेल का?

आता हिशोब मांडा. १० मीटरच्या बँडमध्ये (प्रकाशाच्या एका पट्ट्याच्या चित्रात) एका टाइलला (चित्राच्या चौकोनी तुकड्याला) १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल असतात, म्हणजे १२ कोटींच्या वर. मूळ आकडा २ बाइटांचा, म्हणून एक बँड मेमरीत घेतला की साधारण २४० एमबी. इथवर लॅपटॉपला काहीच त्रास नाही. पण एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढताना पायथनमध्ये सगळं ६४-बिट दशांश संख्यांत बदललं जातं. आता एक पिक्सेल ८ बाइटांचा आणि एक बँड ९६० एमबीचा. लाल बँड, निअर-इन्फ्रारेड बँड, त्यांची वजाबाकी, त्यांची बेरीज आणि भागाकाराचं उत्तर, अशी पाच कोष्टकं एकाच वेळी मेमरीत उभी. झाले ४.८ जीबी. ८ जीबीच्या लॅपटॉपवर शेजारी ब्राउझर आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) उघडं असेल तर तो अडकणारच.

हा हिशोब विद्यार्थ्यानं स्वतः फळ्यावर केला पाहिजे. मग त्याला आपणहून दिसतं की ३२-बिट संख्या वापरल्या तर जागा निम्मी लागते, आणि चित्र तुकड्यातुकड्यानं वाचलं तर त्याच लॅपटॉपवर काम निभतं. त्यानंतर खरा प्रश्न पुढे येतो. एका चित्राचं भागलं, पण वर्षाला सत्तरेक चित्रं, तीही अनेक वर्षांची, आणि एकापेक्षा जास्त टाइल. पावसाळ्यातली बरीचशी ढगांमुळे बाद होतात, पण बाद ठरवायला तरी ती उघडावी लागतातच. इथे क्लस्टर हवा! प्रत्येक चित्राचं काम दुसऱ्यापासून पूर्ण स्वतंत्र असल्यामुळे स्लर्ममध्ये (क्लस्टरवरची कामं, म्हणजे जॉब, रांगेनं लावणारं सॉफ्टवेअर) जॉब अ‍ॅरे लावायचा: स्क्रिप्ट एकच, फक्त चित्राचा क्रमांक बदलत जातो. एमपीआयची (प्रोग्रॅमच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या पद्धतीची) एक ओळ न लिहिता शेकडो चित्रं एका रात्रीत होऊ शकतात. माझ्या पाहण्यात संगणकशास्त्राबाहेरच्या मंडळींची बहुतेक कामं याच जातीची असतात.

दुसरी गोष्ट अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा. सूत्रापेक्षा आकडे दाखवावेत. कामातला ९५ टक्के भाग वाटून घेता येतो आणि ५ टक्के येत नाही असं धरा. ८ कोअरवर ते काम जेमतेम ६ पट वेगानं होतं, ६४ कोअरवर साधारण १५ पट, आणि हजारो कोअर लावले तरी २० पटीच्या पुढे कधीच जात नाही. हे कोष्टक पाहिलेला माणूस अर्जात डोळे मिटून ५१२ कोअर मागत नाही.

हे सगळं आत्ता का, तर यंत्रं आता खरंच उपलब्ध होताहेत. सी-डॅकनं पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तेव्हा रत्नागिरीतल्या प्राध्यापकाला तो वर्तमानपत्रातच दिसायचा. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं, आयसर पुण्यात परम ब्रह्म आला, २०२४ मध्ये परम रुद्र आले, प्रशिक्षणाच्या चार नोडल केंद्रांपैकी एक तर आपल्या शेजारी आयआयटी गोव्यात आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ, शिरगावला मत्स्य महाविद्यालय, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र, दोनापावल्याला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). म्हणजे किनाऱ्यावर प्रश्नांची आणि डेटाची काहीच कमी नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस लागतो तो तयार करायचा आहे.

तर मला विचारायचं आहे ते असं: तुम्ही शिकलात तेव्हा कुठे अडलात? क्लस्टर चालवणाऱ्यांना नवख्यांकडून काय हवं असतं? आणि कार्यशाळा संपल्यावर लोक टिकावेत म्हणून काय करावं?

वाशिष्ठी

+१. धागा काढलात ते फार बरं झालं.

मी सिव्हिलची, पुराचं मॉडेलिंग करते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते आम्ही घरातून पाहिलं, त्यानंतरच या कामात आले. मी गेले होते त्या कार्यशाळेचं (कुठली ते राहू दे) पहिलं सत्र प्रोसेसरच्या रचनेवर, दुसरं एमपीआयवर, आणि तीन दिवस दोन मॅट्रिक्सचा गुणाकार. शिकवणारे विद्वान होते, मनापासून शिकवत होते. पण माझं मॉडेल क्लस्टरवर कसं न्यायचं, हे विचारायला वेळच ठेवलेला नव्हता. परत आल्यावर ते खातं कधी उघडलं गेलं नाही.

मोजमापाबद्दल शंभर टक्के सहमत, आणि त्यात जाळीचा हिशोब नक्की घ्या. आमच्या क्षेत्रात जो तो म्हणतो, १० मीटरची जाळी ५ मीटरवर आणू. जाळीची घरं चौपट होतात एवढं सगळ्यांना कळतं. पण एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढायची ती) जाळी निम्मी केली की कालपायरीही निम्मी करावी लागते, नाहीतर उत्तर फुटतं (कूरान्ट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ ची अट). म्हणजे पायऱ्या दुप्पट आणि एकूण काम आठपट. मेमरी मात्र चौपटच. ६ तासांत होणारी रन ४८ तासांवर जाते, आणि रांगेची कमाल मर्यादा २४ तास असेल तर ती कधीच पुरी होणार नाही. अधूनमधून स्थिती डिस्कवर लिहून ठेवायची आणि तिथून पुढे सुरू करायचं, म्हणजे चेकपॉइंट, हे त्या क्षणी शिकवलं तर जन्मात विसरत नाही.

आणि एक. उंचीचा डेटा ३० मीटरचा असेल तर ५ मीटरची जाळी घेऊन नदी जास्त खरी होत नाही. वाशिष्ठीत कोळकेवाडीकडून येणारं अवजल (वीज तयार केल्यावर सोडलेलं पाणी) किती आणि दाभोळच्या तोंडाशी उधाणाची भरती किती वाजता, हे दोन आकडे चुकले तर कितीही कोअर लावा, पाणी चुकीच्या आळीत शिरतं. यंत्र कधी लावू नये हेसुद्धा विषयातल्याच माणसानं शिकवायला हवं. म्हणून प्रत्येक सत्राला संगणकाच्या शिक्षकासोबत त्या त्या विषयाचं एक माणूस बसवा.

यंत्रशाळा

मी पुण्यात एका संस्थेचा क्लस्टर सांभाळतो. नवख्यांकडून काय हवं असतं असं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, लॉगिन नोडवर काम चालवू नये (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक). लॉगिन नोड सगळ्यांचा सामाईक असतो, तिथून फक्त फाइली लावायच्या आणि जॉब पाठवायचा. हे ऐकून सगळे मान डोलावतात. तरीही पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिथेच आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) सुरू करतं आणि शंभर जणांचं टर्मिनल मंदावतं. त्यांचा दोष नाही. त्यांना दोन्हीकडे तोच काळा पडदा दिसतो. आपण कुठल्या यंत्रावर आहोत हे होस्टनेम टाइप करून पाहायची सवय लावा, पहिल्या तासातच.

मग रांग. लोकांना वाटतं रांग म्हणजे जो आधी आला तो आधी. तसं नसतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर ट्रक आणि बस चढवून झाल्यावर मधल्या फटींत दुचाक्या घालतात ना, शेड्युलर (रांग लावणारा प्रोग्रॅम) अगदी तेच करतो. मोठा जॉब ६४ नोड मोकळे व्हायची वाट पाहत असतो, तोवर रिकाम्या नोडवर तासाभराचा छोटा जॉब घालून टाकतो. याला बॅकफिल म्हणतात. पण शेड्युलरला तुमचा जॉब फटीत मावेल की नाही हे कळतं तुम्ही मागितलेल्या वेळेवरूनच. ४० मिनिटांच्या कामाला कोणी तीन दिवस मागितले तर तो तीन दिवसांची जागा शोधत बसतो आणि माणूस म्हणतो, क्लस्टरवर नंबरच लागत नाही. उलट ३० मिनिटं मागितली तर तिसाव्या मिनिटाच्या आसपास जॉब मारला जातो. ४० चं काम असेल तर ५५ मागा. खाडीकाठ ताई म्हणतात ते मोजमाप इथे रोकडं कामाला येतं.

तिसरं, नोड. प्रोग्रॅम एमपीआयचा नसेल तर चार नोड मागून तो चार नोडवर पसरत नाही. पहिल्यावर काम चालतं, उरलेले तीन तुमच्या नावावर रिकामे राहतात, आणि तुमच्या वाट्याचे तास मात्र चारही नोडचे कापले जातात. जॉब संपल्यावर सॅक्ट या आज्ञेनं, किंवा बसवलेलं असेल तर सेफ या साधनानं, सीपीयू आणि मेमरी खरोखर किती वापरली ते दिसतं. सीपीयूचा वापर २५ टक्के दिसला की कुठे चुकलं ते कळतं. हा अहवाल वाचायला अर्धा तास द्या. मी विनंती करतो, नक्की द्या.

आंबेबाग

यंत्रशाळा, चार नोडवाली गोष्ट आमच्याकडे घडते ती जीनोम असेंब्लीत (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडताना). फळपिकांच्या जनुकांवर काम करतो. असेंब्लीच्या अनेक प्रोग्रॅमना कोअरपेक्षा मेमरी जास्त लागते, तीही एकाच नोडवर. त्यामुळे चार साध्या नोडपेक्षा जास्त रॅमवाला एक नोड आमच्या कामाचा. बऱ्याच क्लस्टरवर अशा नोडचं पार्टिशन (नोडांचा गट, त्याची रांग स्वतंत्र) वेगळं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या क्लस्टरची पार्टिशनं बघून कुठलं कशासाठी ते लिहून काढायचं, असा स्वाध्याय ठेवा.

ब्लास्टचं (डेटाबेसमध्ये जुळणारे अनुक्रम शोधायचं) काम मात्र अगदी सरळ. पन्नास हजार अनुक्रम असतील तर हजार-हजारांच्या पन्नास फाइली करा, जॉब अ‍ॅरे लावा, शेवटी उत्तरं जोडा. डेटाबेसचा आकार सगळीकडे तोच राहतो, त्यामुळे ई-व्हॅल्यूला (जुळणी निव्वळ योगायोगाची असण्याच्या अंदाजाला) धक्का लागत नाही. हे सांगायला विसरू नका. जीवशास्त्रवाल्यांच्या मनात पहिली शंका हीच येते की तुकडे केल्यानं उत्तर बदलेल का.

द्रवगती

थोडी वेगळी बाजू मांडतो.

समांतर प्रोग्रॅमिंग पुढे ढकला हे ठीक, पण गाळू नका. मी लाटा आणि गाळाच्या वहनावर काम करतो. आमचा कोड एका नोडवर मावतच नाही. समुद्राचा पट्टा तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक पायरीला कडेच्या ओळी शेजाऱ्याला द्यायच्या, हेच आमचं गणित. हे कसं चालतं याची कल्पना नसलेला संशोधक तयार मॉडेल चालवेल, पण उत्तर विचित्र आलं तर कुठे पाहायचं हे त्याला कळणार नाही.

एक छोटा प्रयोग सुचवतो, कुठल्याही विषयाच्या माणसाला करता येईल. पायथनमध्ये १ मध्ये १०⁻¹⁶ मिळवा, आलेल्या उत्तरात पुन्हा १०⁻¹⁶ मिळवा. उत्तर येतं १. आता आधी ते दोन छोटे आकडे एकमेकांत मिळवा आणि मग १ मध्ये मिळवा. उत्तर येतं १.०००००००००००००००२. संख्या त्याच, क्रम वेगळा, उत्तर वेगळं. समांतर बेरजेत क्रम कोअरच्या संख्येप्रमाणे बदलतो, म्हणून १६ कोअरवरचं आणि ६४ कोअरवरचं उत्तर शेवटच्या अंकांत जुळत नाही. हे माहीत नसलं की एकतर माणूस घाबरून क्लस्टर सोडतो, किंवा खरी चूक असतानाही हे असंच असतं म्हणून पुढे जातो. दुसरं जास्त धोक्याचं.

खाडीकाठ

द्रवगती, हा प्रयोग मी जसाच्या तसा घेणार. शेवटच्या अंकातला फरक आणि तिसऱ्या अंकातला फरक यांत भेद करता आला पाहिजे, हेही मोजमापच आहे. तेव्हा आधी एका कोअरचं उत्तर जपून ठेवायचं आणि पुढचं प्रत्येक उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचं, असा नियमच करू.

एमपीआयबद्दल: शेवटच्या दिवशी दोन गट करू या का? ज्यांचं काम तुकड्यांत स्वतंत्र होतं ते जॉब अ‍ॅरे पक्कं करतील, ज्यांच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलावं लागतं ते तुमच्याकडे बसतील. पहिल्या दिवसाच्या मोजमापावरून कोण कुठे ते आपोआप ठरेल. तुम्ही येणार असाल तर राहायची सोय आमच्याकडे.

हर्णैकर

मी अगदी नवखा आहे, म्हणून भीत भीत लिहितोय. मत्स्यशास्त्रात पीएचडी करतो. बांगड्याच्या लांबीच्या नोंदी आहेत, हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी घेतलेल्या. आरमध्ये वाढीचं मॉडेल बसवतो आणि अनिश्चितता काढायला बूटस्ट्रॅप करतो (त्याच नोंदींतून यादृच्छिक नमुने काढून मॉडेल पुन्हा बसवतो), एक हजार वेळा. लॅपटॉप दोन-तीन दिवस लावून ठेवावा लागतो, मध्ये वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

प्रश्न दोन. एक, एवढ्याशा कामासाठी सुपरकॉम्प्युटर मागितला तर हसतील का? आणि दुसरा, मला लिनक्स अजिबात येत नाही. या वर्गात माझा निभाव लागेल का?

खाडीकाठ

हर्णैकर, ही कार्यशाळा तुमच्यासाठीच आहे. कोणी हसणार नाही. हजार स्वतंत्र फेऱ्या म्हणजे क्लस्टरला अगदी योग्य काम.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. बूटस्ट्रॅपमध्ये यादृच्छिक संख्या असतात. स्क्रिप्टमध्ये सीड (त्या संख्या जिथून सुरू होतात तो आकडा) ठरावीक लिहून ठेवलेलं असेल आणि तीच स्क्रिप्ट चाळीस ठिकाणी चालवली, तर चाळीसही जागी तीच उत्तरं येतील. हजार फेऱ्या झाल्यासारखं दिसेल, प्रत्यक्षात पंचवीसच होतील आणि त्याच चाळीसदा मोजल्या जातील. चूक कुठेही लाल अक्षरांत येत नाही, फक्त अनिश्चितता चुकीची निघते. आरमध्ये पॅरलल पॅकेज २०११ पासून मूळ आवृत्तीतच येतं. त्यात समांतर कामासाठी लेक्वायर नावाचा जनरेटर आहे, प्रत्येक कामगाराला वेगळा प्रवाह देतो. तो कसा लावायचा ते आपण वर्गात करू.

लिनक्सचं म्हणाल तर लागतात त्या आज्ञा पंधरा-वीस. फाइल कुठे आहे, कॉपी कशी करायची, आत काय आहे, जॉब पाठवायचा कसा, थांबवायचा कसा. विंडोजवरूनही एसएसएच (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायचं साधन) चालतं, वेगळा लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

शिकवायची पद्धत सॉफ्टवेअर कार्पेंट्रीची घेणार आहे. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी लॉस अ‍ॅलमॉसच्या शास्त्रज्ञांसाठी ते सुरू केलं. शिक्षक पडद्यावर एकेक ओळ टाइप करतो, वर्ग त्याच्याबरोबर टाइप करतो. प्रत्येकाकडे दोन रंगांचे चिकट कागद. झालं की हिरवा लॅपटॉपवर लावायचा, अडलं की लाल. लाल दिसला की मदतनीस जाऊन बसतो. हात वर करून सगळ्यांसमोर विचारावं लागत नाही, आणि आपल्याकडच्या संकोची मुलामुलींसाठी याचं मोल फार मोठं आहे.

मीनाक्षी_कुडाळ

वाचतेय. शिकवणार मराठीतून का?

खाडीकाठ

हो, मराठीतूनच. आज्ञा आणि चुकीचे संदेश पडद्यावर इंग्रजीतच राहतील, पण समजावणं, विचारणं, वाद घालणं सगळं मराठीत. गोव्याहून कोणी आलं तर कोकणीतही चालेल.

सड्यावरचा

आम्ही कातळशिल्पांचं दस्तऐवजीकरण करतो. ड्रोननं फोटो घ्यायचे आणि त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती करायची. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्यापासून काम वाढलं आहे. कशेळीच्या हत्तीसारखं मोठं शिल्प असलं की फोटो शेकड्यांनी होतात.

मोजायचं म्हणता तर आमचा हिशोब असा. ५०० फोटो असतील आणि प्रत्येक फोटो दुसऱ्या प्रत्येकाशी जुळवून पाहायचा, तर १,२४,७५० जोड्या. फोटो दुप्पट झाले की जोड्या चौपट. पण ड्रोनच्या फोटोत जीपीएसची जागा नोंदलेली असते. फक्त जवळजवळच्या फोटोंच्याच जोड्या घ्या असं सांगितलं की जोड्या काही हजारांवर येतात. जीपीयू (खूप गणितं एकाच वेळी करणारा ग्राफिक्स प्रोसेसर) मागायच्या आधी हे करून पाहायला सांगा. त्यानंतरही पुढच्या पायरीला, दाट बिंदू काढायला, जीपीयू लागतोच. तेव्हा जीपीयूचं एक छोटं सत्र हवं.

माझा प्रश्न डेटाचा आहे. सड्यावरून गावात येईपर्यंत नेट नाही, गावात आहे ते अधूनमधून. १०० जीबी फोटो क्लस्टरवर पाठवायचे कसे?

यंत्रशाळा

सड्यावरचा, तुमचं अपलोड २० एमबीपीएस धरलं तर १०० जीबीला अकरा तास लागतात, तेही मध्ये एकदाही न तुटता. साधं कॉपी करू नका. आरसिंक वापरा, अर्धवट फाइल राखून ठेवण्याचा पर्याय लावून. तुटलं तरी पुन्हा तीच आज्ञा दिली की गेलेलं सोडून उरलेलं पाठवतं. रात्री लावा. हार्ड डिस्क घेऊन एसटीनं पुण्याला येणंही पुष्कळदा जास्त जलद पडतं, काही संस्था तसा डेटा स्वीकारतात.

आणि वर वीज जाण्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासाठी: एसबॅचनं (स्लर्मच्या आज्ञेनं) जॉब पाठवला की तो तुमच्या लॅपटॉपवर अवलंबून राहत नाही. लॅपटॉप बंद करा, नेट जाऊ दे, मांडवी एक्सप्रेसमध्ये बसा. जॉब तिकडे चालत राहतो. कोकणातल्या संशोधकासाठी मला एचपीसीचा हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, वेगापेक्षाही. पहिल्या दिवशी हे करूनच दाखवा: जॉब पाठवा, वायफाय बंद करा, चहा घेऊन या, पुन्हा लॉगिन करा.

छोट्या फाइलींबद्दलही दोन शब्द. लस्टरसारखी फाइल सिस्टीम मोठ्या फाइली भराभर वाचते. एका फोल्डरमध्ये दहा लाख चिमुकल्या फाइली ठेवल्या की फाइल कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जातो आणि बाकीच्यांनाही त्रास होतो. टारनं (अनेक फाइलींची एक फाइल करणाऱ्या आज्ञेनं) बांधून ठेवा. स्क्रॅचवर (तात्पुरत्या फाइलींच्या जागेवर) ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. निकाल आले की त्याच दिवशी उतरवून घ्या.

शेवटी, कार्यशाळेनंतर लोक टिकावेत म्हणून काय करावं. माझ्याकडे जी खाती पुढेही चालू राहतात त्यांच्या विभागात विचारायला एक माणूस असतो. बस, एवढंच. परदेशात यासाठी नोकऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ पासून रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर या नावानं ते काम ओळखलं जातं. आपल्याकडे ते पद व्हायचं तेव्हा होईल, पण तोवर प्रत्येक महाविद्यालयातून एकट्याला बोलावू नका, दोघांना बोलवा. एक विद्यार्थी आणि एक कायम नोकरीतलं माणूस. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, दुसरं माणूस तिथेच राहतं.

वाशिष्ठी

दोघांना बोलवा, हे अगदी पटलं. प्रयोगशाळा सहायकांनाही बोलवा. कित्येक ठिकाणी यंत्रांचं सगळं त्यांनाच ठाऊक असतं आणि कार्यशाळेचं पत्र मात्र त्यांच्यापर्यंत कधी पोचत नाही.

खाडीकाठ

वाशिष्ठी, पत्रात सहायकांचा उल्लेख घालते. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं आणि अत्यंत बरोबर आहे.

सगळ्यांच्या सूचनांवरून आराखडा बदलतेय. येणाऱ्यानं आपली स्वतःची स्क्रिप्ट आणि डेटाचा छोटा नमुना आणायचा, मॅट्रिक्सचा गुणाकार कोणी करणार नाही. येण्याआधी नमुन्यावर एकदा चालवून दोन आकडे लिहून पाठवायचे, वेळ आणि जास्तीत जास्त मेमरी. लिनक्सवर टाइम या आज्ञेला सविस्तरचा पर्याय दिला (/usr/bin/time -v असं पूर्ण लिहून) की दोन्ही मिळतात, विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तरी चालेल. दुपारी जॉब पाठवायचा आणि वायफाय बंद करायचं. दुसऱ्या दिवशी जॉब अ‍ॅरे, सीड, चेकपॉइंट आणि वापराचा अहवाल वाचणं. तिसऱ्या दिवशी दोन गट, जीपीयू दुपारी. त्यानंतर सहा महिने दर पंधरवड्याला एक तास ऑनलाइन बसू, कोणीही यावं, अडलेला जॉब उघडून दाखवावा. यंत्रशाळा, त्यातल्या एखाद्या बैठकीला तुम्ही आलात तर फार मदत होईल.

यंत्रशाळा

येईन. एखाद्या कशाला, जमेल तितक्यांना येईन.

हर्णैकर

ताई, थांबवेना म्हणून आजच मोजलं. बूटस्ट्रॅपची एक फेरी ४ मिनिटं, मेमरी ६०० एमबी. सीड खरंच स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, ते काढून लेक्वायरचं वाचायला घेतलंय. हजार फेऱ्यांना ४,००० मिनिटं, म्हणजे ६६ तासांच्या वर. आता अर्जात किती मागू?

यंत्रशाळा

एक नोड, ४० कोअर. एकावेळी ४० फेऱ्या म्हणजे २४ जीबी, तुम्ही ३२ मागा. हजार फेऱ्यांचे २५ टप्पे होतात, ४ मिनिटांप्रमाणे १०० मिनिटं. चाळीसही कोअर एकाच वेळी मेमरीकडे धावले की प्रत्येक फेरी थोडी मंदावते, तेव्हा वेळ ३ तास मागा. आधी ४० च फेऱ्यांचा एक जॉब पाठवून अहवाल बघा, त्याचे आकडे इथे टाका.